सकाळी सातचा चाफा

सोनचाफ्याचा वास माणसाच्या आधी येऊन पोहोचतो आणि माणूस गेल्यावरही बराच वेळ मागे रेंगाळतो. बोळिंजच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये तो दर गुरुवारी सकाळी असाच उभा असे. त्यात पिकत आलेल्या फणसाची एक कड असायची, ओल्या लाकडाची एक कड असायची, आणि या दोहोंच्या मधोमध काहीतरी गोड, किंचित उर्मट. सातव्या मजल्यावर आमच्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली दिसे. पिशवीत काचेची जुनी बाटली, बाटलीत पाणी, आणि पाण्यात मिटलेल्या सहा-सात कळ्या. बेल कधी वाजलेली नसे. आई भाजी घेऊन वर आली की पिशव्या खाली ठेवण्याआधी नाक वर करून म्हणायची, "येऊन गेला वाटतं तुझा चाफेवाला."

"माझा कसला? तो या बाजूला कामाला येतो."

"हो का? मग तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या कडीला नाही ते काम अडकत कधी?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मुलांना पदर उलगडून दाखवता येत नाही अशी कविता मला सहसा भेटत नाही. पण आईच्या या साध्या प्रश्नाला मला तीन वर्षांत उत्तर सापडलं नव्हतं.

त्याची आणि माझी ओळख लग्नाच्या गाण्यांमुळे झाली, हे सांगतानाही संकोच वाटतो. किनाऱ्याकडच्या जुन्या घरांमध्ये बायका लग्नात जी गाणी म्हणतात, ती गोळा करायचं मी एका उन्हाळ्यात मनावर घेतलं होतं. आगाशीच्या पुढे, केळी आणि पानवेलींच्या मधे वसलेल्या एका घरात एक म्हातारी गाते, असं कळलं. ती त्याची आत्या. त्या घरात ती आणि तो, दोघंच. मी ओळीओळीला थांबवून अर्थ विचारत होते आणि ती माझ्या प्रत्येक अर्थाला तोंडावर हात ठेवून हसत होती. तो शेजारी बसून माझा मोबाइल तिच्या तोंडाजवळ धरून होता. आत्याशी तो त्यांच्या घरच्या बोलीत बोले, ती बोली मला निम्मीच कळे. माझ्याशी बोलायची वेळ आली की इस्त्रीचा सदरा अंगात घालावा तसं पुस्तकी मराठी चढवी. दोन तास तो हात तसाच होता. नंतर त्याने मनगट हळूच दोनदा झटकलं, मी बघत नाही असं समजून. मी नेमकी तेव्हाच बघत होते.

तीन वर्षांपूर्वी त्याने मला लग्नाचं विचारलं. वाडीत, चाफ्याच्या झाडाखाली, वाकडी झालेली करंडी सरळ करता करता, मान वर न करता. "आपण लग्न करू या का?"

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "बरं." आणि करंडीची काडी आत सरकवली. पुढच्या गुरुवारी कडीला बाटली होती. त्याच्या पुढच्याही. नकाराचं कारण त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कारण घरातच होतं, आणि संध्याकाळी सातच्या बातम्या मोठ्या आवाजात लावत होतं. बाबा गेल्यापासून आई आणि मी, एवढंच आमचं कुटुंब. तिचे गुडघे जिन्याला घाबरतात आणि ती एकटेपणाला, पण पहिली गोष्ट ती सगळ्यांना सांगते आणि दुसरी कुणालाच नाही. लेकीच्या सासरी आईने राहू नये, हा नियम आमच्या देशावरच्या घरात कुणी लिहून ठेवला नव्हता, म्हणून कुणी खोडूही शकत नव्हतं. त्याला सांगितलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, घेऊन ये त्यांना. तेच मला नको होतं. एखाद्याच्या चांगुलपणाला हात घालून आपली अडचण पुढे सरकवणं मला हिशेबी वाटे. तेव्हा मी गप्प राहिले आणि माझ्या गप्प राहण्याला मनातल्या मनात त्याग असं भारदस्त नाव दिलं.

हे नाव गेल्या दिवाळीत आईने उतरवलं. तो फराळाला आला होता. आईने चिवड्याची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "काय रे, तुम्हा दोघांचं घोडं अडलंय तरी कुठे?"

त्याने चिवड्यातला एक शेंगदाणा बराच वेळ चावला. "ते त्यांनाच विचारा, काकू."

तो गेल्यावर तिने विचारलं. मी सांगितलं. ती खुर्चीतून उठली, तेही गुडघ्यांना हात न लावता. म्हणजे ती खरोखरच चिडली होती.

"माझ्यामुळे? अगं, भित्री तू, आणि नाव माझं लावलंस? तीन वर्षं तो बिचारा बाटल्या अडकवतोय आणि मी इथे तुझी अडचण होऊन सोफ्यावर बसलेय?"

"तसं नव्हे गं."

"मग कसं? समजावून सांग. शिकवतेस ना मुलांना?"

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी केवळ स्वयंपाकघरापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी पोळीला तूप लावताना म्हणाली, "त्यांच्याकडे रोज मासे असतात ना?"

"बहुतेक."

"मला वेगळी शेगडी लागेल." मग पोळी उलटली. "समुद्राचा वारा गुडघ्यांना वाईट म्हणतात. म्हणेनात. आता तू विचार त्याला. त्याने एकदा विचारून झालंय, आता पाळी तुझी."

मी दोनदा विचारायला गेले. पहिल्यांदा आत्याने समोर बसवून जेवू घातलं आणि मी केळ्यांची फणी घेऊन परत आले. दुसऱ्यांदा आत्या घरी नव्हती, सगळी वाडी माझ्यासाठी मोकळी होती. मी त्याला पानवेलीला पाणी किती दिवसांनी देतात हे विचारलं आणि पुन्हा केळ्यांची फणी घेऊन परत आले. आईने दार उघडताच माझ्या हातांकडे पाहिलं. "आज काय आणलंस? उत्तर की केळी?"

फोटोग्राफरची कल्पना मला या केळ्यांनी सुचवली. तो माझा जुना विद्यार्थी. बारावीला निबंधात एक वाक्य तीन वेळा लिहून पान भरणारा, आता तिशीचा झालेला. फुलपाड्यात त्याचा स्टुडिओ आहे आणि लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला लोक त्याच्याकडे बदलापूरहून येतात. बाजारात भेटला तेव्हा सांगत होता, "मॅडम, हल्ली नुसतं लग्न नाही, लग्नाचं विचारायलाही आम्हाला बोलावतात. सरप्राइज. पार्टीला एक मोठा फायदा असतो. दिवस ठरला, लोकेशन ठरलं, आम्ही झाडामागे कॅमेरा घेऊन उभे, की विचारणाऱ्याला पळून जाता येत नाही."

बाकीचं मी ऐकलं नाही. हे एवढंच ऐकलं.

दोन दिवसांनी मी त्याच्या स्टुडिओत गेले आणि म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला तुझी मदत हवी आहे."

त्याने माझ्याकडे काही क्षण पाहिलं. "मॅडम, मी बारावीत एका मित्रासाठी तुमच्याकडे रजा मागायला आलो होतो ना, तेव्हा तुम्ही माझ्याकडे असंच बघितलं होतं."

तेव्हा ती रजा मी नाकारली होती. त्याने मात्र मला मोठ्या मनाने सांभाळून घेतलं. वही उघडली, पेन काढलं. "मुलगा काय करतो?"

"मुलगा चव्वेचाळीस वर्षांचा आहे."

पेन थांबलं, मग जोमाने चालू लागलं. "बेस्ट. सीनियर कपल सध्या खूप चालतंय."

सजावटीचं सामान दाखवण्यासाठी तो मला सातिवलीच्या एका गोदामात घेऊन गेला. बाहेर पत्र्याच्या कारखान्याचा ठणठणाट चालू होता. आत थर्माकोल, फेव्हिकॉल आणि नव्या रंगाचा वास एकमेकांना ढकलत होता. एका बाजूला पंख होते, ज्यांच्यापुढे उभं राहिलं की माणूस देवदूत दिसतो. एका बाजूला चाकं नसलेली जुनी स्कूटर, एक झोपाळा, आणि माणसाच्या उंचीची, दिवे लावलेली इंग्रजी अक्षरं, 'माझ्याशी लग्न कर' असं म्हणणारी. त्यातलं एक अक्षर विझलेलं होतं.

"ते नको," मी म्हटलं.

"लाल बदाम? सहा फुटी? आत उभं राहायचं."

"नको."

"फुग्यांची कमान? धूर? थोडासाच धूर?"

"अरे, मी त्याला प्रश्न विचारणार आहे, त्याचं प्रदर्शन भरवणार नाही."

तो हताश होऊन चाकं नसलेल्या स्कूटरवर बसला. "मॅडम, मग कशाला तरी हो म्हणा. मी नुसत्या वाळूचे फोटो काढू का?"

तेव्हा मला ते सुचलं, आणि सुचलं तेव्हा फार सुंदर वाटलं. राजोडीच्या वाळूवर सूर्य मावळत असताना सोनचाफ्याच्या फुलांचा एक साधा बदाम. वरचं सोनं पाण्यात उतरतंय, खालचं सोनं वाळूत उमलतंय. मी ते त्याला अशाच शब्दांत सांगितलं. त्याने डोळे मिटून कल्पना करून पाहिली आणि म्हणाला, "हे आवडलं. फुलांचं मी बघतो. बाजारात एक फुलवाला ओळखीचा आहे, तो वाडीवरून मागवेल." कोणती वाडी, हे मी विचारायला हवं होतं. पण मी त्या वेळी माझ्या उपमेवर खूश होते.

रविवार ठरला. आईने आपली बाजू चोख केली. त्याला फोन करून म्हणाली, "मला रविवारी संध्याकाळी समुद्रावर सूर्यास्त दाखवायला ने, दिवाळीपासून घराबाहेर पडलेले नाही." ती आदल्याच दिवशी भिशीला जाऊन आली होती. तो लगेच हो म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी फोटोग्राफरचा फोन आला. "मॅडम, वेळ बदलावी लागेल. सकाळी सात करू या. तो वाडीवाला फार खडूस आहे हो. फुलवाल्याला म्हणाला, संध्याकाळी चाफा मागणाऱ्याला चाफा कळत नाही. सकाळी सातला घ्या, नाहीतर झेंडू न्या."

त्या वाक्याची चाल माझ्या ओळखीची होती. "त्याला सांग, दुसऱ्या वाडीवरून घेऊ."

"विचारलं मी. बाकीच्यांची फुलं आधीच दादरला ठरलेली आहेत. आणि हा म्हणतो, फुलं टेम्पोत चेंगरतात, मी स्वतः आणून देतो. पण मॅडम, सनसेटशिवाय मी लाइट कुठून आणू? सकाळी सूर्य सातिवलीच्या बाजूने येतो, समुद्राच्या नाही."

मी फोन ठेवला आणि आईकडे पाहिलं. आईने टीव्हीचा आवाज बंद केला. एवढं तिने बाबा गेल्यानंतर एकदाच केलं होतं.

"त्याला फोन कर," मी म्हटलं. "सांग, संध्याकाळी नको, सकाळी सातला फिरायला ने."

तिने केला. मला तिच्याच बाजूचं ऐकू आलं. "अच्छा. हो का. असू दे, असू दे. काम आधी." फोन ठेवून ती माझ्यासमोर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. मी घाबरले. मग दिसलं की ती हसत होती.

"सकाळी सातला त्याला जमत नाही," ती म्हणाली. "त्याला राजोडीला फुलं पोहोचवायची आहेत. कुणीतरी लग्नाचं विचारणार आहे तिथे."

अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला, आईला नाही म्हणावं लागलं याची रुखरुख लागून. आईने माझ्या हातातून मोबाइल घेतला, स्पीकर लावला आणि मधे ठेवला.

"काकूंना वाईट वाटलं का?"

"वाटलं थोडं," मी म्हटलं. आईने दुःखी चेहरा केला, जो त्याला दिसत नव्हता. "कुणाची आहे एवढी ऑर्डर?"

"नाव नाही सांगितलं. वाळूवर फुलांचा बदाम काढणार म्हणे, फोटोग्राफर लावून. आणि फुलं कधी हवी होती माहीत आहे? संध्याकाळी सहाला! पहाटे चारला तोडलेला चाफा सहाला मान टाकतो, तांबूस होतो. मी म्हटलं, कुणीतरी कवी असणार."

आईने पदर तोंडात कोंबला.

"कवी असण्यात वाईट काय आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही. फक्त लिहिण्याआधी एकदा झाडाखाली येऊन जावं." पाठीमागे आत्याच्या भांड्यांचा आवाज येत होता. "मला त्या दुसऱ्या माणसाची काळजी वाटते. ज्याला विचारणार, त्याची. पायाखाली फुलं, समोर कॅमेरा, आजूबाजूला माणसं. नाही म्हणायचं असेल तर त्याने कुठे जायचं? विचारणाऱ्याने नाही म्हणायला जागा ठेवावी."

आईचं हसणं थांबलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. तीन वर्षांपूर्वी करंडीवर वाकून, मान वर न करता त्याने मला विचारलं होतं ते का, हे मला त्या क्षणी कळलं. माझ्याकडे बघितलं असतं तर मला नाही म्हणणं जड गेलं असतं.

फोन संपल्यावर मी फोटोग्राफरला कळवलं की उत्तर मिळेपर्यंत एकही फोटो काढायचा नाही.

"मग मी तिथे काय करू, मॅडम?"

"पाठ करून उभा राहा."

"पाठ करून?"

"समुद्राकडे तोंड करून. कॅमेऱ्यावर झाकण ठेवून."

"मॅडम, माझ्या पेजवर लोक काय म्हणतील? फोटोग्राफर पाठ करून उभा!" मग काकुळतीने, "त्यापेक्षा रद्दच करू ना."

"नको. रद्द केलं तर मी पुन्हा केळी घेऊन येईन."

त्याला काही कळलं नाही. पण त्याने वाद घातला नाही, बारावीतल्यासारखाच.

रविवारी आम्ही राजोडीला पोहोचलो तेव्हा सुरूच्या झाडांखाली अजून रात्रीचा गारवा होता. झाडांमधून वारा जाताना कुणीतरी दुरून रेशमी कापड फाडतंय असा आवाज येत होता. ओहोटी होती. ओली वाळू राखाडी, थंड, आणि तिच्यावर खेकड्यांनी रात्रभर काढलेली बारीक नक्षी. आई किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर रिक्षात बसून राहिली, शाल, चहाचा थर्मास आणि बिस्किटं घेऊन. मी नारायणपेठी नेसले होते. फोटोग्राफरने काठीने वाळूवर बदाम आखायला घेतला होता.

"आजी, कसा वाटतोय?" त्याने ओरडून विचारलं.

"काकू म्हण!" रिक्षातून उत्तर आलं. "आणि ते वांगं आहे!"

त्याने बदाम पुसून पुन्हा आखला. या वेळी तो बटाट्याकडे झुकला. तेवढ्यात रस्त्यावर चाफेवाल्याच्या स्कूटरचा ओळखीचा, दम लागल्यासारखा आवाज आला. विचारायचं वाक्य मी आठवडाभर घडवलं होतं. त्यात कर्ता होता, कर्म होतं, एक छोटी उपमाही होती. त्यातलं काहीही तोंडाशी आलं नाही.

तो सुरूच्या झाडांतून खाली उतरला. दोन्ही हातांत करंडी, वर ओलं केळीचं पान. पहाटे चारपासून झाडांवर असल्यामुळे केसांत कोळिष्टक, सदऱ्यावर ओल. त्याने आधी फोटोग्राफरला पाहिलं, मग वाळूवरची रेघ, मग मला. माझी साडी पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर काय होईल याची मी शंभर प्रकारे कल्पना केली होती. जे झालं ते त्यांत नव्हतं. चेहरा आधी कोरा झाला आणि मग सावकाश, जपून, नम्र.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी आहेत ही फुलं."

तेव्हा मला उमगलं की त्याला काय वाटतंय. आज इथे कुणीतरी येणार आहे आणि मला विचारणार आहे, असं.

"गुरुवारी फोनवर मी जे बोललो, ते मनावर घेऊ नकोस," तो पुढे म्हणाला. "जागा चांगली निवडली आहे त्याने. फुलांवर पाणी शिंपडत राहा, ऊन चढेपर्यंत टिकतील." आणि त्याने करंडी खाली ठेवली, पाठ वळवली.

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मात्र आला. "काका, दोन मिनिटं थांबाल? फुलं लावायला हात कमी पडतोय. तुम्हाला सवय असेल ना?"

मी त्याला त्याच क्षणी नापास केलं असतं. पण तो माणूस थांबला. करंडीपाशी परत आला, केळीचं पान बाजूला केलं, आणि दोन्ही गुडघे वाळूत टेकून, त्या बटाट्याच्या रेघेवर एकेक फूल ठेवू लागला. देठ आत, तोंड बाहेर, मधे दोन बोटांचं अंतर. चिरडू नये म्हणून फूल पाकळीला धरत नव्हता, देठाला धरत होता. दुसऱ्या कुणीतरी मला विचारावं म्हणून तो जागा नीट करून ठेवत होता. रेघ वाकडी होती तिथे त्याने ती बोटाने सरळ केली.

"अगं, बोल!" रिक्षातून आई ओरडली. "चहा संपला इथे!"

त्याने वर पाहिलं नाही. "काकूही आल्यात? म्हणजे त्यांनाही पसंत आहे." मग एका फुलावरची वाळू फुंकून म्हणाला, "मी ओळखतो का त्याला?"

"ओळखतोस," मी म्हटलं. "आगाशीकडचा आहे. फुलांच्या बाबतीत फार खडूस आहे. संध्याकाळी चाफा मागणाऱ्याला तो कवी म्हणतो."

त्याचा हात फुलासकट हवेत राहिला.

"आणि त्याने मला काहीही विचारायचं नाहीये," मी म्हटलं. "त्याचं विचारून झालंय."

तो उठला नाही. माझ्याकडे पाहू लागला. मीही वाळूत खाली बसले, नारायणपेठीसकट, कारण उभं राहून हे बोलणं मला जमलं नसतं. फोटोग्राफरकडे पाहून मी मान हलवली. त्याने मोठा उसासा टाकला, कॅमेऱ्यावर झाकण लावलं आणि समुद्राकडे तोंड करून शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा राहिला.

"तेव्हा मी नाही म्हटलं ते तुला नव्हतं," मी म्हटलं. "आईला एकटी ठेवून मला येता येत नव्हतं. आणि तिला घेऊन येते, असं म्हणायची मला लाज वाटली. तू हो म्हणाला असतास, आणि ते हो मला कधीच खरं वाटलं नसतं. म्हणून मी तुला विचारूच दिलं नाही पुढे. हे चुकलं माझं. तीन वर्षं चुकलं."

त्याच्या सदऱ्याची ओली बाही वाऱ्याने हाताला चिकटत होती.

"आता मी विचारते. माझ्याशी लग्न करशील का? मी एकटी येणार नाही. आई असेल. तिची वेगळी शेगडी असेल, तिचे देव असतील, टीव्ही असेल, आणि आत्याच्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत असेल. लोक बोलतील, जावयाच्या घरी सासू राहते म्हणून. तुला नको असेल तर तसं सांग. बघ, त्याने पाठ केली आहे. रस्ता मोकळा आहे. गुरुवारची बाटली बंद झाली तरी मी कारण विचारणार नाही." मला श्वास घ्यावा लागला. "आम्ही दोघी तुझ्या घरी राहायला येऊ का?"

"मॅडम, वळू का?" फोटोग्राफरने समुद्राला विचारलं.

"नको!" मी ओरडले.

त्याने हातातलं फूल रेघेवर ठेवलं, देठ आत, तोंड बाहेर. मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. आई रिक्षाच्या बाहेर येऊन उभी राहिली होती, शाल दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि सुरूच्या झाडांमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं पाहत असल्याचं सोंग करत होती. तो तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे. त्याच्या कपाळावर एक आठी आली, वाडीत कामाची आखणी करताना येते तशी. त्याने हातांची वाळू झटकली आणि अगदी घरच्या सुरात, इस्त्री न केलेल्या आवाजात मला विचारलं,

"कधी?"